खडूची नदी

स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूची एक आडवी रेघ होती. ओट्याच्या दोन वीत वर ती सुरू व्हायची, कपाटापाशी जरा खाली वळायची आणि दाराच्या चौकटीशी संपायची. पाहुण्यांना तो भिंतीला गेलेला तडा वाटे. प्रत्यक्षात ती नदी होती. सतरा वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात पेंटरने ती एका दमात ओढली होती आणि तो म्हणाला होता, "हा झाला काठ. आता फक्त पाणी भरायचं राहिलं."

पाणी भरायचं राहिलं ते राहिलंच. बायको सतरा वर्षं ती भिंत पुसत आली, पण रेघेला कधी फडकं लागू दिलं नाही. वाफेने रेघ पुसट झाली की पेंटर वर्षातून एकदा ती नव्याने गिरवायचा, आणि त्या वर्षापुरता त्याचा उत्साह तेवढ्यावरच संपायचा.

नदी बायकोच्या माहेरची होती. तिचे वडील नावाडी. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला उलटी घालून ठेवलेली होडी, पाण्यावर वाकलेलं एक झाड. पुढे तिथे पूल झाला, नावाड्याचं घर गेलं, पायऱ्या भरावाखाली गाडल्या गेल्या. आता ती नदी जगात एकाच ठिकाणी उरली होती, बायकोच्या डोक्यात. आणि या घरातल्या स्वयंपाकघराला खिडकीसुद्धा नव्हती. म्हणून तर पेंटरने शब्द दिला होता की ओट्यापाशी उभं राहिलं की समोर नदी दिसेल.

पहिली काही वर्षं ती नदीबद्दल न थांबता बोलायची. अलीकडे मात्र मध्येच अडखळायला लागली होती. त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी कप विसळता विसळता ती एकदम थांबली.

"अहो, पायऱ्या नऊ होत्या की दहा?"

पेंटर खडूने रेघ गिरवत होता. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"पेंटर, आहात का? जरा काम होतं!"

तो सलूनवाला होता. त्याच्या काचेवरच्या 'दाढी'मधला काना उडाला होता आणि लोक हसत होते. 'जरा' हा शब्द ऐकला की पेंटरचे पाय आपोआप चपलांत जायचे. आजवर या 'जरा'ने त्याच्या किती सुट्ट्या खाल्ल्या होत्या याला गणती नव्हती. माणूस कामाला वाघ, हाताला देवाने दिलेली लय, पण भिडस्त इतका की रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर घरापर्यंत सोडून यायचा. काना लावायला गेलेला पेंटर दुपारी परतला. काचेवर काना लागला होता, शिवाय 'कटिंग'ला सावली, आरशावर फूल आणि सलूनवाल्याच्या नातीच्या दप्तरावर ससा.

"भीड ही भिकेची बहीण," बायको म्हणाली. "तुम्हाला नाही म्हणायला शिकवायला हवं. चला, मी सलूनवाला." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पेंटर, जरा आरशावर एक फूल काढून द्या ना!"

"जमणार नाही," पेंटर म्हणाला.

"अहो, पाच मिनिटांचं तर काम."

"पाच मिनिटंसुद्धा नाहीत. मला आज वेळ नाही. पुन्हा विचारू नका."

बायको बघतच राहिली. न अडखळता, न लाजता, डोळ्याला डोळा भिडवून नकार. मग तिने शिवणवाल्या काकू होऊन पाहिलं, दातांचे डॉक्टर होऊन पाहिलं. पेंटरने दोघांनाही वाटेला लावलं.

"बघ!" तो खूश होऊन म्हणाला. "मला तर अगदी सहज येतं."

"माझ्यापुढे येणारच," ती म्हणाली. "सतरा वर्षांचा सराव आहे." आणि तिने कप जरा जास्तच आवाज करत फळीवर ठेवले. पेंटरला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी खरा सलूनवाला आला तेव्हा पेंटरच्या तोंडाला कुलूप लागलं आणि पाय चपलांत गेले. तेव्हा बायकोने हात टेकले. "तोंडाने नाही ना जमत? मग ब्रशने म्हणा. पाटी लिहा आणि दाराला लावून टाका."

ही युक्ती पेंटरला एकदम पटली. पडत्या फळाची आज्ञा मानून पुढच्या सुट्टीला सकाळीच त्याने पत्र्याचा तुकडा घेतला. 'आज काम घेतले जाणार नाही', एवढीच पाटी, अर्ध्या तासाचा मामला. पण पेंटरच्या हातून साधी पाटी कशी होणार? निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, अक्षरांना करड्या रंगाची सावली. 'नाही'वर जोर यावा म्हणून तो शब्द किंचित मोठा. कडेने नाजूक वेल. वेल उजवीकडे झाली म्हणून मग डावीकडेही. पाटी वाळत ठेवली तेव्हा दिवस मावळला होता. सुट्टीची पाटी करण्यात अख्खी सुट्टी गेली होती आणि भिंतीवरच्या रेघेत पाण्याचा थेंब नव्हता.

"असू दे," पेंटर म्हणाला. "पुढची प्रत्येक सुट्टी आपली."

पुढच्या सुट्टीला पाटी दारावर लागली. पेंटरने स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं अंथरली, डबे मांडले. बायको ओट्याला टेकून उभी राहिली. तिने आज चांगली साडी नेसली होती. पेंटरने डब्याचं झाकण उघडलं आणि बाहेर माणसांचा आवाज यायला लागला. आधी दोघांचा, मग चौघांचा. थोड्या वेळाने कडी वाजली.

पेंटरने दार उघडलं. समोर शिवणवाल्या काकू, मागे दातांचे डॉक्टर, त्यांच्या मागे रंगवाले काका आणि सलूनवाला.

"पाटी वाचली नाही का?" पेंटरने सगळा धीर गोळा करून विचारलं.

"वाचूनच तर आलो!" काकू म्हणाल्या. "काय सुरेख 'नाही' म्हटलंय हो! वाचून रागच येत नाही माणसाला. मला अशीच एक करून द्या. दुपारी दोन घटका पाठ टेकली की बायका पोलकी घेऊन येतात."

"मलाही," डॉक्टर म्हणाले. "मी आत कुणाचा तरी दात धरून असतो आणि बाहेरचे दार वाजवतात. एकदा दचकून भलताच धरला."

"माझी जरा कडक हवी," रंगवाले काका म्हणाले. "दुपारच्या झोपेत मला कुणाचं तोंड बघायचं नाही."

पेंटरने मागे वळून पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने अंथरलेलं एक वर्तमानपत्र उचललं आणि घडी घालायला लागली. पण चार माणसं समोर उभी, चौघांच्या तोंडी कौतुक. "या आत," पेंटर म्हणाला.

आयुष्यभर हो म्हणून जेवढं काम मिळालं नव्हतं, तेवढं त्या एका नकाराने मिळवून दिलं. चार पाट्या लागल्या आणि गल्लीभर त्यांचीच चर्चा. मग लॉन्ड्रीवाला आला, सायकलवाला आला, शिकवणीच्या बाई आल्या. ज्याला ज्याला नाही म्हणायचं होतं तो पेंटरकडे आला, आणि पेंटरने प्रत्येकाला हो म्हटलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तशा तो लोकांच्या सुट्ट्या रंगवत बसला.

पाट्याही एकेकाच्या स्वभावाप्रमाणे झाल्या. सलूनवाल्याची होती, 'खुर्ची एक, गिऱ्हाईक एक. वाट पाहणाऱ्यांनी आपापल्या घरी पाहावी.' रंगवाल्या काकांची, 'दुपारी दुकान बंद. हाक मारू नये. मारल्यास ऐकू येणार नाही.' डॉक्टरांची, 'आत काम चालू आहे. दार वाजवू नये.' ही मात्र चार दिवसांत परत आली. आतून यंत्राचा आवाज आणि दारावर हे वाक्य, म्हणताना पेशंट पायरीवरूनच घरी जात होते. डॉक्टरांनी पाटी पेंटरच्या पुढ्यात ठेवली आणि जरा प्रेमळ मजकूर मागितला. पेंटरने नवी करून दिली. जुनी पाटी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून पडून राहिली.

या सगळ्यात एक भानगड व्हायला लागली. निळा रंग पुरेना. पेंटरचा हिशोब पक्का होता, एका डब्यात दहा पाट्यांची जमीन. पण सातवी झाली की डबा खडखडायचा.

"निळा संपला कसा इतक्यात?" तो डबा उलटा धरून विचारायचा.

"मला काय माहीत?" बायको म्हणायची. "मी काय रंग पिते?"

शेवटी तो रंगवाल्या काकांकडे जाऊन बोलला. काका भडकले. "डबा कारखान्यातून सीलबंद येतो! मी काय वाटीने काढून घेतो? तुमचा हात सैल झालाय पेंटर, आरोप माझ्यावर!" त्यानंतर आठ दिवस दोघांचं बोलणं बंद होतं.

एकीकडे गल्ली मात्र बदलत चालली होती. पाट्या पोचवायला जाता येता पेंटरला ते दिसायचं. शिवणवाल्या काकू दुपारी खिडकीत बसून चक्क स्वतःसाठी शिवत होत्या, दहा वर्षं पेटीत पडलेलं लाल कापड. सलूनवाला रिकाम्या खुर्चीत नातीला बसवून तिच्या दोन वेण्या घालत होता, एक वर एक खाली. लॉन्ड्रीवाला दुपारी बायकोबरोबर पत्ते खेळत होता आणि हरत होता. पेंटर पाटी काखेत धरून फुटपाथवर उभा राहायचा आणि बघत बसायचा. यातली प्रत्येक दुपार त्याने स्वतःच्या हाताने रंगवून दिली होती. तशी एक, फक्त एक आपल्याला मिळावी असं त्याला इतकं वाटायचं की काखेतली पाटी पोचवायचं भान राहायचं नाही. घरी ओट्यापाशी उभी असलेली बायको, तिच्या समोर पाणी, आणि आपण शेजारी ब्रश पुसत उभे. बाकी त्याला काही नको होतं. पण घरी गेलं की पत्रे वाट बघत असायचे, आणि तो मान खाली घालून म्हणायचा, "आज नाही गं. एवढ्या दोन झाल्या की नक्की."

आधी ती म्हणायची, "बरं." नंतर नंतर तेही म्हणेनाशी झाली. आणि नदीबद्दल तर तिने अवाक्षर काढलं नाही. पेंटरला वाटलं, विसरली. हा विचार आला त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मग एक सुट्टी अशी उजाडली की एकही पाटी उरली नाही. गल्लीत ज्याला ज्याला नाही म्हणायचं होतं त्याचं म्हणून झालं होतं. सकाळपासून दारावर कुणी आलं नाही. पेंटरला दुपारचे साडेबारा वाजेपर्यंत खरंच वाटेना. मग तो ताडकन उठला.

"आज नदी!" तो म्हणाला.

"बघा बाई," बायको म्हणाली.

त्याने डबे काढले. हिरवा होता, पांढरा होता, मातकट होता. निळ्या डब्याच्या तळाला कोरडी साय. पेंटरने डबा खाली ठेवला आणि तो बाहेर पडला. अर्धी गल्ली तो पळालाच म्हणायला हरकत नाही. पण रंगवाल्या काकांच्या दुकानापाशी पोचला तेव्हा फळ्या नुकत्याच लागल्या होत्या आणि फळ्यांवर, निळ्या जमिनीवर, सावलीच्या पांढऱ्या अक्षरांत, दुपारी दुकान बंद होतं. दोन मिनिटांनी चुकामूक झाली होती.

आतून पलंग करकरल्याचा आवाज आला. काका जागे होते.

"काका!" पेंटरने हाक मारली. "जरा एक डबा हवा होता. निळा."

पेंटरने फळीवर बोटाने टकटक केलं.

"काका, फक्त एक मिनिट!"

"पाटी वाचली का?" आतून आवाज आला.

"मीच लिहिलीये ती!"

"मग तुमची तर पाठ असेल," काका म्हणाले, आणि पलंग पुन्हा करकरला.

'जरा' म्हणणाऱ्याला दाराबाहेर कसं वाटतं हे पेंटरला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रागही येईना. अक्षरं इतकी सुबक होती की रागावणार कुणावर? तो परत फिरला. परतीची वाट संपूच नये असं त्याला वाटत होतं, कारण घरी जाऊन काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं. 'आज नाही गं.' हे तीन शब्द त्याने चालता चालता मनात म्हणून पाहिले आणि त्याला आपलाच आवाज ओळखीचा वाटला. न अडखळता, न लाजता. तो रस्त्याच्या मध्येच थांबला. सगळ्या गल्लीत त्याला एकाही माणसाला नाही म्हणता येत नव्हतं, आणि घरातल्या एकाच माणसाला तो सतरा वर्षं तेवढंच म्हणत आला होता. सतरा वर्षांचा सराव. ते कौतुक नव्हतं.

घरात शिरला तर बाहेरची खोली रिकामी. स्वयंपाकघराचं दार बंद. आणि त्या दारावर, खिळ्याला सुतळी अडकवून, दातांच्या डॉक्टरांची परत आलेली पाटी टांगलेली. 'आत काम चालू आहे. दार वाजवू नये.'

फटीतून रंगाचा वास येत होता. त्या वासावरून पेंटर रंग सांगू शकला नसता, पण दाराच्या कडीवर निळं बोट उमटलेलं होतं. प्रत्येक डब्यातून तीन पाट्यांचा रंग कुठे गेला ते त्याला कळलं. रंगवाल्या काकांची माफी मागायला हवी, असाही एक विचार येऊन गेला.

"अगं," तो हळूच म्हणाला.

"पाटी वाचली का?" आतून बायकोचा आवाज आला.

"वाचली. पण जरा ऐक ना. पाण्याला आधी फिकट हात दे, मग वरून..."

"नाही."

"बरं, ब्रश कुठला घेतलायस तेवढं सांग."

"नाही म्हटलं ना. आज मला वेळ नाही. पुन्हा विचारू नका."

वाक्य त्याचंच होतं, शब्दाला शब्द. पेंटरने हात मागे घेतला. मग रिकामा डबा उलटा घालून तो दारासमोर बसला. आत ब्रश फिरल्याचा आवाज येत होता, नवख्या हाताचा, थांबत थांबत. ओढ चुकते आहे हे त्याला ऐकूनच कळत होतं आणि बोटं शिवशिवत होती. पण आत काय चाललंय ते बघायची तहान त्याहून मोठी होती. दाराच्या पलीकडे त्याच्या बायकोची नदी भरत होती आणि तो तिच्यापासून एका फळीच्या अंतरावर होता. जन्मात कुठल्याच गोष्टीची त्याने इतकी वाट पाहिली नव्हती.

दुपार कलता कलता रस्त्याकडच्या दारातून डॉक्टरांनी डोकं आत घातलं. "पेंटर, बरं झालं सापडलात! जरा दवाखान्यात चला, नव्या पाटीवरचं एक अक्षर..."

"नाही," पेंटर म्हणाला.

डॉक्टर चपापले. पेंटरही. शब्द कसा अलगद सुटून आला होता.

"अहो, एकच अक्षर."

"आज नाही डॉक्टर. घरात काम चालू आहे."

"पण तुम्ही तर बाहेर बसलाय!"

"हो," पेंटर म्हणाला. "बाहेर बसायचं काम माझ्याकडे आहे."

डॉक्टरांनी बंद दाराकडे पाहिलं, आपल्या जुन्या पाटीकडे पाहिलं आणि पायातली चप्पल न वाजवता निघून गेले. पेंटरने उठून रस्त्याकडचं दार लावून घेतलं आणि पुन्हा डब्यावर येऊन बसला.

आत ब्रश थांबला होता. मग आवाज आला, पण तो मघासारखा कडक नव्हता.

"अहो."

"काय गं?"

"पायऱ्या किती होत्या हो?" ती थांबली. "मी इथे काढतेय आणि मला... मला दिसेचनात त्या."

"अकरा," पेंटर म्हणाला.

आतून ब्रश डब्यावर टेकल्याचा आवाज आला.

"वर आठ, पाण्यात तीन. पाण्यातल्या फक्त उन्हाळ्यात दिसायच्या. वरून पाचवी कोपऱ्यात तुटलेली, तिथे तू घागर घेऊन पडली होतीस. होडी डाव्या हाताला, उलटी, तिला बुडाशी हिरवं ठिगळ. झाड उजवीकडे. त्याच्या वाकलेल्या फांदीवर तुझे बाबा सदरा वाळत घालायचे."

एवढं सगळं तिने त्याला सांगितलं होतं, सतरा वर्षांत, कप विसळता विसळता. प्रत्येक वेळी त्याचं लक्ष दाराकडे होतं, पाय चपलेत होते. तरी यातलं काहीसुद्धा सांडलं नव्हतं. हे त्याचं त्यालाही आत्ताच कळत होतं.

कडी निघाली. दार वीतभर उघडलं. बायकोच्या गालावर निळा फराटा होता आणि डोळे ओले होते. तिच्या खांद्यावरून त्याला भिंतीचा एवढासा तुकडा दिसला. पाणी वाकडंतिकडं होतं, एका बाजूला जाड, एका बाजूला विरळ, पण काठोकाठ भरलेलं होतं.

"आत या," ती म्हणाली. "पण ब्रश बाहेर ठेवा. तुम्ही नुसतं सांगायचं."

पेंटरने खिशातला ब्रश काढून डब्यावर ठेवला. आत पाऊल टाकण्याआधी त्याने वळून दारावरची पाटी सरळ केली आणि मग दार लावून घेतलं.